दिसले, पण सांगितले कोणाला?

हल्ली कुठल्याही वस्तूच्या नावाआधी 'स्मार्ट' किंवा 'इंटेलिजंट' हा शब्द लावला, की तिच्याबद्दल प्रश्न विचारायचे नसतात असा एक नियमच झाला आहे. फोन स्मार्ट झाले, घड्याळे स्मार्ट झाली, मग शहरे झाली (आमचे नाशिकही २०१६ साली त्या यादीत जाऊन बसले), आणि आता महामार्गांची पाळी आली आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर जुलै २०२४ पासून इंटेलिजंट ट्रॅफिक मॅनेजमेंट सिस्टीम, म्हणजे वाहतुकीचे बुद्धिमान व्यवस्थापन करणारी यंत्रणा, सुरू झाली. आपल्या नाशिकवरून जाणाऱ्या समृद्धी महामार्गावरही तसेच व्हावे अशी मागणी अधूनमधून होत असते. व्हायला माझी काहीच हरकत नाही. माझी हरकत आहे ती 'बुद्धिमान' आणि 'व्यवस्थापन' हे दोन भारदस्त शब्द वापरून नुसती पावत्या फाडण्याचे काम करण्याला.

आता आधी ही यंत्रणा करते काय ते नीट पाहू, कारण बरेच जण न समजताच तिला शिव्या देतात. रस्त्यावर ठरावीक अंतराने लोखंडी कमानी उभ्या आहेत, त्यांवर कॅमेरे आहेत. कॅमेरा गाडीची नंबरप्लेट वाचतो. एका कमानीखालून तुम्ही किती वाजता गेलात आणि पुढच्या कमानीखालून किती वाजता, हे त्याला कळते. बाकी चौथीतले गणित. समजा दोन कमानींमध्ये दहा किलोमीटर अंतर आहे. ताशी शंभरच्या वेगाने ते सहा मिनिटांत कापले जाते. तुम्ही पाच मिनिटांत पोचलात, तर तुमचा सरासरी वेग १२० होता आणि दंड लागला. कॅमेरा दिसला की ब्रेक मारायचा आणि पुढे गेल्यावर पुन्हा दामटायची, ही आपल्या लोकांची जुनी चलाखी इथे चालत नाही. ही गोष्ट मला मनापासून आवडली. शिवाय लेन तोडणे, सीटबेल्ट न लावणे, गाडी चालवताना फोनवर बोलणे, हे सगळे त्या कॅमेऱ्यांना दिसते.

मग तक्रार काय? तक्रार पुढच्या आकड्यांत आहे. यंत्रणा सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एका वर्षात, जुलै २०२४ ते जुलै २०२५ ह्या काळात, तिने २७ लाखांहून जास्त ई-चलने काढली. दंडाची रक्कम सुमारे ४७० कोटी रुपये. त्यांतले वसूल झाले सुमारे ५१ कोटी. वर्तमानपत्रांत हे आकडे आले तेव्हा बहुतेकांची चर्चा वसुलीवरच अडली. शंभरातले अकराच रुपये आले, बाकीचे कधी येणार, आणि थकबाकीदारांचे काय करायचे!

मी जन्मभर वर्गात उभा राहिलेला माणूस. मला तो आकडा वेगळाच दिसतो. एखाद्या वर्गात मुलांच्या वह्यांत वर्षभर २७ लाख लाल फुल्या पडल्या, तर आपण त्या शिक्षकाचा सत्कार करू का? आपण त्याला विचारू, की अहो, पहिल्या महिन्यात मुले जी चूक करत होती तीच बाराव्या महिन्यातही करत असतील, तर तुम्ही शिकवलेत काय? लाल फुली मारू नये असे मी म्हणत नाही. मीही खूप मारल्या आहेत. पण फुली वही परत करताना, मुलासमोर, तिथल्या तिथे मारली तरच तिचा उपयोग होतो. गुपचूप फुल्या मारून वह्या कपाटात ठेवल्या आणि वर्षअखेर एकदम निकाल लावला, तर त्याला शिकवणे म्हणत नाहीत.

आमच्या एका भाच्याचेच उदाहरण घ्या. पुण्याहून मुंबईला जाऊन आला. आठवड्याने फोनवर एकापाठोपाठ तीन मेसेज, तिन्ही त्याच प्रवासाचे, तिन्ही वेगमर्यादेचे. तो चुकलाच. घाटात मोटारीला ताशी ६० ची मर्यादा आहे आणि हे महाशय ८० ने उतरत होते. त्याची बाजू घेण्याचा प्रश्नच नाही, आणि पैसे भर म्हणून मीच त्याला सांगितले. पण पहिल्या कमानीने त्याला पकडले त्या क्षणी पुढच्या फलकावर 'अमुक नंबर, वेग कमी करा' एवढे उमटले असते, तर दुसरा आणि तिसरा गुन्हा घडलाच नसता. घाटातल्या उतारावर ताशी ८० ने जाणारी गाडी धोक्याची आहे म्हणूनच ना हा दंड? मग धोका दिसल्यावर आठवडाभर गप्प बसून पत्र पाठवायचे, ह्याला काय म्हणावे?

"नियम पाळा, म्हणजे दंड होणार नाही", असे ठणकावणारे लोक मला ठाऊक आहेत. एरवी मीही त्यांच्यातलाच. पण हे उत्तर दंडापुरते झाले. रस्त्यावर नियम पाळणारी माणसेही मरतात. पुढचा चुकतो आणि मागचा जातो. त्या मागच्यासाठी ही बुद्धिमान यंत्रणा काय करते, हा माझा खरा प्रश्न आहे.

ह्याच द्रुतगती मार्गावर २०१६ साली अपघातांत १५१ माणसे गेली होती. त्या वर्षापासून रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन ही संस्था ह्यांनी मिळून मृत्यू शून्यावर आणण्याचा उपक्रम हाती घेतला. २०१९ सालापर्यंत मृत्यूंचा आकडा ९२ वर आला. लक्षात घ्या, तेव्हा आजच्या कमानी नव्हत्या. मग काय केले? प्रत्येक अपघाताच्या जागी जाऊन तो का झाला हे शोधले. जिथे गाडी थेट काँक्रीटवर जाऊन आदळत होती तिथे लोखंडी कठडे बसवले. कडेला उभ्या राहणाऱ्या गाड्यांच्या मागे लागले. खुणा आणि फलक दुरुस्त केले, अँब्युलन्स लवकर पोचेल असे पाहिले. ह्यात दिपवणारे काहीच नाही, उद्घाटनाला फीत कापावी असेही काही नाही. पण माणसे वाचली. मी जेव्हा यंत्रणेच्या यशाचा हिशेब मागतो तेव्हा हा हिशेब मागतो. किती पावत्या फाडल्या हा नव्हे, किती माणसे घरी पोचली हा.

आता आपल्या घरच्या दुःखाकडे येतो. १५ ऑक्टोबर २०२३. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानीबाबांच्या दर्ग्याचे दर्शन घेऊन नाशिकची मंडळी टेम्पो ट्रॅव्हलरने समृद्धीवरून परत येत होती. मध्यरात्र उलटून गेलेली. वैजापूर तालुक्यात, जांबरगावच्या टोलनाक्याजवळ, त्यांची गाडी पुढच्या ट्रकवर मागून आदळली. १२ माणसे गेली. आपल्या नाशिकची. तो ट्रक आरटीओच्या लोकांनीच तपासणीसाठी महामार्गावर थांबवला होता असा आरोप झाला, आणि दोन अधिकाऱ्यांना अटकही झाली. न्यायालयाने काय ठरवायचे ते ठरवेल. मी एवढेच म्हणतो, की मध्यरात्री, अंधारात, जिथे मोटारींना ताशी १२० ची मुभा आहे अशा रस्त्यावर एखादे अवजड वाहन थांबले किंवा हळू झाले, तर ती त्या क्षणी त्या सबंध महामार्गावरची सगळ्यांत महत्त्वाची बातमी असते. बुद्धिमान म्हणवणाऱ्या यंत्रणेचे पहिले काम कोणते, असे मला कोणी विचारले तर मी हेच सांगेन. थांबलेले वाहन ओळखायचे, आणि मागून येणाऱ्याला दोन किलोमीटर आधी सांगायचे. वेग मोजणे हे दुसऱ्या नंबरचे काम.

हे तंत्र काही स्वप्नातले नाही. रडारवर चालणारी, रस्त्यात थांबलेले वाहन ओळखणारी उपकरणे इंग्लंडमधल्या मोटरवेंवर बसवलेली आहेत. पण तिथली गोष्टही अर्धवट सांगून चालायचे नाही, कारण तिच्यात आपल्यासाठी मोठा धडा आहे. २००६ साली त्यांनी बर्मिंगहॅमजवळच्या एम-४२ वर एक प्रयोग केला. गर्दीच्या वेळी वेगमर्यादा फलकावरून कमी-जास्त करायची, आणि कडेची मोकळी पट्टी, जी एरवी बंद पडलेल्या गाडीसाठी असते, तीही वाहतुकीला खुली करायची. गर्दी हलली, प्रयोग गाजला. मग काटकसर सुचली. पुढच्या कितीतरी रस्त्यांवर ती कडेची पट्टी कायमचीच काढून तिथे चौथी लेन केली. आता गाडी बंद पडली तर ती धावत्या लेनमध्येच उभी! आणि ती उभी आहे हे ओळखणारी उपकरणे बऱ्याच ठिकाणी नंतर बसली. माणसे मेली, घरच्यांनी वर्षानुवर्षे आवाज उठवला, आणि शेवटी एप्रिल २०२३ मध्ये तिथल्या सरकारने नवे 'स्मार्ट मोटरवे' बांधणे रद्द केले. कारणे दोन दिली, खर्च आणि लोकांचा उडालेला विश्वास. धडा असा, की यंत्र आधीच्या साध्या सोयीच्या जोडीला येत असेल तर येऊ द्यावे. सोय काढून घेऊन तिच्या जागी येत असेल, तर दारातच अडवावे.

अमेरिकेतली एक हकिकत मात्र मला फार आवडते. मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिस-सेंट पॉल ह्या जोडशहरांत महामार्गावर चढायच्या वाटांवर सिग्नल आहेत. हिरवा झाला की एकदोन गाड्या सोडायच्या, पुन्हा लाल. म्हणजे सगळ्या एकदम घुसून मुख्य रस्ता तुंबत नाही. ह्या सिग्नलपाशी थांबून लोक वैतागले, आणि नुसता ताटकळायला लावणारा हा खेळ आहे असे म्हणू लागले. तेव्हा तिथल्या विधिमंडळाने काय केले? २००० साली हुकूम काढला, की सगळे, सुमारे ४३० सिग्नल काही आठवडे बंद करा आणि काय होते ते मोजा. मोजले. महामार्गावरून जाणारी वाहने ९ टक्क्यांनी घटली, अपघात २६ टक्क्यांनी वाढले. निष्कर्ष छापला, सिग्नल पुन्हा सुरू केले, आणि लोकांचे म्हणणेही खोटे नव्हते म्हणून थांबण्याची वेळ कमी केली. यंत्र बरोबर ठरले, तक्रार करणारेही थोडे बरोबर ठरले, आणि दोघांचे निवारण झाले ते मोजल्यामुळे. आपल्याकडे असे कोणी, कधी मोजून दाखवले आहे का?

ह्यावर कोणी म्हणेल, आपल्याकडची यंत्रणा नवी आहे, वेळ द्या. देऊ. पण फेब्रुवारी २०२६ मध्ये जे झाले ते विसरून वेळ देता येणार नाही. ३ तारखेला द्रुतगती मार्गावर आडोशी बोगद्याजवळ प्रोपिलीन ह्या ज्वालाग्राही वायूचा टँकर उलटला. वाहतूक थांबवली ते योग्यच केले. २०२३ च्या जूनमध्ये कुणे पुलावर टँकरला आग लागून चार माणसे गेली होती, ते आठवले तर थांबवणे भागच होते. पण मग कोंडी तीस तासांहून जास्त चालली. बायकामुले, म्हातारी माणसे, आजारी माणसे गाड्यांत अडकली. पाणी नाही, खायला नाही, बायकांना आडोसा नाही. एक उद्योगपती हेलिकॉप्टरने बाहेर पडले अशी बातमी होती. ज्यांच्याकडे हेलिकॉप्टर नव्हते ते बसून राहिले.

कमानी तेव्हाही उभ्याच होत्या. कॅमेऱ्यांना ती रांग दिसत होती. पहिल्या तासातच दिसली असणार. मग मला सांगा, पुढे रस्ता बंद आहे हे दिसत असताना मागच्या गाड्या आत येतच कशा राहिल्या? टोलनाक्यावर फास्टॅग वाचला जातो. त्या गाडीच्या मालकाचा मोबाइल नंबर सरकारदरबारी आहे, कारण दंडाचा मेसेज त्याच नंबरावर बिनचूक येतो. मग ज्या नंबरावर 'तुम्ही दोन हजार रुपये देणे लागता' हे कळवता येते, त्याच नंबरावर 'पुढे रस्ता बंद आहे, परत फिरा' हे वेळेत का कळवता येऊ नये? त्यात कुठले अवघड तंत्रज्ञान आहे? आज माझ्यासारख्या म्हाताऱ्यालाही फोनवरच्या नकाशात लाल रेघ बघून कोंडी कळते. खाजगी कंपनीला जे कळते आणि ती फुकट सांगते, ते आपल्या पैशाने बांधलेल्या रस्त्याने सांगू नये?

आणि परत फिरायचे म्हणजे कुठून? दुभाजकात गाड्या वळवायला जागा हवी, ती उघडायला माणूस हवा, उलटलेला टँकर उचलायला क्रेन हवी, वायू दुसऱ्या टँकरमध्ये घ्यायला जाणकार हवेत. ह्यांतले एकही काम कॅमेरा करत नाही. कॅमेरा फक्त बघतो. बघितल्यावर धावणारी माणसे नसतील, तर ती जत्रेतली दुर्बीण झाली.

नाशिककरांनी हे आत्ताच बोलायला हवे असे मी म्हणतो त्याला कारण आहे. ५ जून २०२५ पासून समृद्धी इगतपुरीपासून पुढे आमण्यापर्यंत खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा रस्ता सलग झाला. २ ऑगस्ट २०२७ ला सिंहस्थाचे पहिले अमृत स्नान आहे. समृद्धी, मुंबई-आग्रा महामार्ग, पुणे रस्ता, संभाजीनगर रस्ता, चारी बाजूंनी वाहने येणार. संभाजीनगर रस्त्यावरच, नांदूर नाक्याजवळ, ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे बस पेटून १२ जण गेले, हे कोणी विसरलेले नाही. आणि २७ ऑगस्ट २००३ ला काळाराम मंदिराच्या बाजूने गोदावरीकडे उतरणाऱ्या वाटेवर चेंगराचेंगरीत ३० हून अधिक भाविक गेले, तेही नाही. सिंहस्थासाठी कॅमेरे येतील, ड्रोन येतील, मोठे पडदे लावलेली नियंत्रण खोली होईल. पुढारी तिच्यात उभे राहून फोटो काढतील. पण त्या पडद्यावर जे दिसेल ते घोटीला, सिन्नरला, आडगावला रांगेत असलेल्या ड्रायव्हरला कसे कळणार?

मागच्या, २०१५ च्या कुंभात ह्याचा एक छोटासा नमुना आपल्याच गावात दिसला होता. नाशिकच्या एका शाळकरी मुलाने पावले मोजणारी चटई बनवली. वाटेवर अंथरायची, वरून किती लोक गेले ते कळते, आणि पुढे गर्दी दाटते आहे हे आधीच समजते. ती चटई कोणाचा चेहरा टिपत नव्हती, कोणाला दंड करत नव्हती. फक्त पुढच्या धोक्याची खबर मागच्याला मिळावी एवढीच तिची खटपट. माझ्या मते बुद्धिमान यंत्रणा ती.

म्हणून मागण्या अगदी साध्या आहेत. पहिली, समृद्धीवर कमानी येतील तेव्हा आधी थांबलेले वाहन ओळखून मागच्यांना सांगण्याची सोय सुरू करा, दंड त्यानंतर. दुसरी, फलकांवर मराठी-हिंदी अक्षरांबरोबर चित्र दाखवा, कारण ताशी शंभरने जाणाऱ्या परप्रांतीय ड्रायव्हरला वाक्य वाचायला सवड नसते. तिसरी, चालत्या लेनमध्ये किंवा कडेला ट्रक उभा करून तपासणी बंद. तपासायचे तर टोलनाक्याच्या आवारात, उजेडात. चौथी, रस्ता बंद होताच टोलनाक्यावर गाड्या अडवा आणि फास्टॅगच्या नंबरावर मेसेज टाका. पाचवी आणि सगळ्यांत महत्त्वाची, दर महिन्याला टोलनाक्यावर मोठ्या अक्षरांत हिशेब लावा. किती वाहने रस्त्यात थांबलेली सापडली, मागच्यांना किती मिनिटांत कळवले, रस्ता किती वेळात मोकळा झाला, किती माणसे दगावली. पावत्यांचा आकडा सगळ्यांत खाली, लहान अक्षरांत चालेल.

पुण्या-मुंबईच्या आमच्या नातेवाइकांना हे वाचून राग येईल की मी दंडाच्या विरोधात आहे. नाही बाबांनो. वेगाने हाणणाऱ्याला दंड व्हायलाच हवा, आणि भाच्याने तो भरला हेही सांगून ठेवतो. पण पोलिसाच्या हातातली शिट्टी काढून फक्त पावतीपुस्तक ठेवले, तर चौकात काय होईल? शिट्टी आधी वाजते, पावती मागून येते. पुढच्या वेळी टोल भरताना तिथल्या माणसाला एवढेच विचारा, की पुढे काही झाले तर मला कोण सांगणार? काय उत्तर मिळाले ते खाली नक्की लिहा.